संकेतस्थळ

वयाच्या पासष्टाव्या वर्षी मी एक संकेतस्थळ काढले, असे सांगितले की आमच्या पिढीचे लोक माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने पाहतात. त्यांचा दोष नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हा संकेतस्थळ हा शब्द फक्त कादंबऱ्यांत भेटे. चांदणे, नदीचा काठ, आणि तिथे चोरून यायचे कबूल केलेली नायिका! त्यात आमचा पत्ता बुधवार पेठ, पुणे. हा पत्ता ऐकताच परगावचा माणूस ओठांच्या एका कोपऱ्यात हसतो, हे मी जन्मभर पाहत आलो आहे. तेव्हा बुधवार पेठेतल्या एका पेन्शनराने संकेतस्थळ काढले म्हटल्यावर कुणाकुणाच्या मनात काय काय आले असेल ते न बोललेले बरे. सौ.ने मात्र एवढेच विचारले, "तिथं जायला-यायला खर्च किती?"

बुधवार पेठेबद्दल दोन शब्द आधी सांगतो. ज्या एका भागामुळे लोक हसतात, तिथल्या बायकांच्या वाट्याला आलेले आयुष्य हसण्याजोगे नाही, हेही मी इथेच राहून पाहिले आहे. उरलेली पेठ तांबड्या जोगेश्वरीची आहे, दगडूशेठच्या गणपतीची आहे, पासोड्या विठोबाची आहे. १८४८ साली सुरू झालेले नगर वाचन मंदिर इथलेच. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपकीर गल्ली इथलीच. या गल्लीत मला तपकिरीची डबी कधी दिसली नाही. दिसतात ती वायरींची वेटोळी, दिव्यांच्या माळा, आणि आतल्या बोळांतल्या चिमुकल्या दुकानांत, प्लॅस्टिकच्या खणांत भरलेले मुंग्यांएवढे सुटे भाग : रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, आयसी. आप्पा बळवंत चौकात जशी पुस्तके, लक्ष्मी रोडवर जशा साड्या, तशी तपकीर गल्लीत वीज सुटी विकत मिळते.

या गल्लीचे वेड आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. वडील सरकारी हिशेब खात्यात कारकून. दिवसा ते आकडे जुळवीत आणि रात्री रेडिओ. १९५३ साली पुण्याला आकाशवाणीचे केंद्र झाले, तेव्हा आमच्या माजघरात ते प्रथम ऐकू आले ते वडिलांनी स्वतः जोडलेल्या संचावर. त्याला पेटी नव्हती, म्हणून आईने वर एक टोपली उपडी घातली होती. पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या दिवसानंतर वडिलांना दुसरे वेड लागले. रोज पाऊस मोजायचे. तांबट आळीतून त्यांनी तांब्याचे एक नरसाळे करवून आणले आणि स्वयंपाकघरावरच्या लहानशा गच्चीत मांडले. वेधशाळेत पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतात, हे त्यांना कुणीसे सांगितले होते. मग आमच्याही गच्चीत साडेआठ!

मोजपात्र धरण्याचा मान ताईचा. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पावसाळ्यात सकाळी परकराचा ओचा खोचून ती गच्चीत जाई, मोजपात्र डोळ्यांसमोर सरळ धरी आणि आकडा मोठ्याने ओरडून सांगे. वडील खालून वहीत टिपून घेत. पहिल्या वह्यांत इंच आणि सेंट आहेत, पुढच्या वह्यांत मिलिमीटर. मला मोजपात्राला हात लावायची परवानगी नव्हती, कारण मी एकदा त्यातले पाणी पिऊन टाकले होते. त्या तारखेपुढे वडिलांनी लिहिले आहे : "नोंद नाही. चिरंजीवांनी प्राशन केली."

असो. तर गेल्या पाडव्याला, लक्ष्मी रोडवरचे व्यापारी वह्यांची पूजा करीत होते त्याच मुहूर्तावर, आमच्या मुलाने मला संकेतस्थळाचे नाव नोंदवून दिले. जगातले पहिले संकेतस्थळ १९९१ साली जिनिव्हाजवळच्या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली या गृहस्थाने उभे केले. त्यावर काय होते? तर हा सगळा खटाटोप आहे तरी काय, याचीच माहिती. हे वाचून मला मोठा धीर आला. सांगण्यासारखे काही नसतानाही संकेतस्थळ काढता येते, एवढे तरी सिद्ध झाले. मुलाचे म्हणणे होते, "बाबा, एवढा उद्योग कशाला? फेसबुकवर टाका, चार माणसं बघतील." पण मी वाड्यात जन्मलेला माणूस आहे. मालक आणि बिऱ्हाडकरू यांतला फरक मला कुणी शिकवायला नको. दुसऱ्याच्या ओसरीवर कितीही चांगली रांगोळी काढली, तरी पुसायचा हक्क ओसरीच्या मालकाचा. (संकेतस्थळाचे नावही वर्षाच्या भाड्यानेच मिळते, हे मला नंतर कळले. पण तोवर वर्षाचे भाडे भरून झाले होते.)

पहिला महिना नुसता अक्षरे जुळवण्यात गेला. संकेतस्थळाची पाने लिहायची भाषा अवघड नाही. कंस उघडला की तो बंद करायचा, हा तिचा मुख्य धर्म. मी एका ठिकाणी बंद करायला विसरलो आणि तिथून पुढचे सगळे पान ठळक अक्षरांत ओरडू लागले. मग मी माझ्या उद्योगांची हकीकत त्यावर लिहू लागलो, आणि लिहायला हकीकत हवी म्हणून उद्योगही वाढवले.

पहिला उद्योग बोलक्या घड्याळाचा. तळहाताएवढा एक संगणक मिळतो, रास्पबेरी पाय नावाचा. तो प्रथम इंग्लंडमध्ये २०१२ साली निघाला. मुलांनी स्वस्तात संगणकविद्या शिकावी हा त्यामागचा हेतू. आमच्यासारखी मुलेही त्यात शिरतील हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. त्याला एक कर्णा जोडला आणि माझ्याच आवाजात मराठी आकडे भरले. दर पंधरा मिनिटांनी घड्याळाने वेळ सांगावी, अशी योजना. "सव्वासात वाजले," "पावणेआठ वाजले," असे ते झोकात बोलू लागले. मी नियम घालून दिला होता तो असा : पंधरा मिनिटे झाली तर सव्वा, तीस झाली तर साडे, पंचेचाळीस झाली तर पुढच्या आकड्यामागे पावणे. सकाळभर सारे सुरळीत चालले. दुपारी जेवून जरा लवंडलो होतो. पुण्यात त्या वेळी दुकानेसुद्धा झोपतात! तोच घड्याळ माझ्या आवाजात खणखणीतपणे म्हणाले, "साडेएक वाजले." सौ. उठून बसली. तासाभराने ते म्हणाले, "साडेदोन वाजले." सौ. म्हणाली, "तुमचं घड्याळ इंग्रजी शाळेत जातं वाटतं!" दीड आणि अडीच हे आपले दोन शब्द कुठल्याच नियमात बसत नाहीत, ते आईच्या कडेवर बसूनच शिकावे लागतात. घड्याळाला आई नव्हती. मी त्याला ते दोन शब्द वेगळे शिकवले, आणि शिकवताना उगाच बरे वाटले.

पाण्याच्या टाकीची घंटा हा दुसरा उद्योग. टाकी भरली की ती वाजते. तिच्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही, कारण ती ठीक चालते. चालणाऱ्या वस्तूला हकीकत नसते.

तिसरा उद्योग पावसाचा. माळ्यावर वडिलांचे तांब्याचे नरसाळे सापडले, काळे पडलेले. चिंच लावून घासले तेव्हा ते पुन्हा तांब्याचे झाले. मोजपात्राच्या जागी आता विजेने मोजायचे. नरसाळ्याखाली तराजूसारखी दोन छोटी पात्रे बसवायची. धार एका पात्रात पडते. ते भरले की कलंडून रिकामे होते आणि दुसरे धारेखाली येते. प्रत्येक हेलकाव्यासरशी एक लोहचुंबक एका बारीक कळीजवळून सरकतो, कळ क्षणभर मिटते आणि संगणक एक आकडा वाढवतो. नरसाळ्याचे तोंड वीस सेंटिमीटरचे, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की त्यात ३१.४ मिलिलिटर पाणी येणार. माझी पात्रे दोन दशांश मिलिमीटरला, म्हणजे सव्वासहा मिलिलिटरला कलंडायला हवीत. औषधांच्या दुकानातून सिरिंज आणली आणि आठ दिवस पात्रांना थेंब थेंब पाणी पाजत बसलो. शेजारच्या आजी सौ.ला म्हणाल्या, "चिमणीचं पिल्लू सापडलंय का गं यांना?"

जूनमध्ये पहिली सर आली. दहा मिनिटांची, रस्ता जेमतेम ओला करणारी. संकेतस्थळाच्या पानावर आकडा उमटला : ११० मिलिमीटर! पानशेतचा जाणकार मी. क्षणभर माझ्याच छातीत धस्स झाले. मग तपकीर गल्लीत गेलो. माझ्या नातवाच्या वयाचा दुकानदार हसून म्हणाला, "काका, कळ एकदा मिटत नाही. थरथरते. तुम्हाला एकदा वाटतं, मशीन वीस वेळा मोजतं. एकदा मोजलं की त्याला जरा थांबायला सांगा." मी संगणकाला दोन ओळींत थांबायला सांगितले, आणि पूर ओसरला. आपल्या मनालाही असे सांगता आले असते तर, असे मला त्या रात्री वाटले. एकच गोष्ट एकदाच झालेली असते, आणि आपण ती वीस वेळा मोजत राहतो.

आता जे सांगायचे आहे ते यातूनच निघते.

ताई लग्न होऊन बेळगावला गेली. तिथे एका शाळेत तिने जन्मभर मराठी शिकवले. दर भाऊबीजेला ती माहेरी यायची. खरे तर भाऊबीजेला भावाने जायचे. पण तिला वाड्यात यायचे असे आणि मला सुट्टीत घर सोडायचा कंटाळा, म्हणून तीच रीत पडून गेली होती. चार वर्षांपूर्वी वाडा पाडून तिथे इमारत बांधायचे ठरले. कागदोपत्री ताईचाही हिस्सा निघाला. वकिलांनी हक्कसोडपत्राचा मसुदा करून दिला, आणि मी तो तिला कुरियरने पाठवून दिला. सोबत चिठ्ठी नाही, आधी फोन नाही. बेळगाव काही विलायतेत नव्हते. रात्री गाडीत बसलो असतो तर सकाळी तिच्या दारात उतरलो असतो. पण मागायला जाताना मान खाली घालावी लागते, आणि कुरियरला मान नसते.

ताई ठरल्या दिवशी पुण्यात आली. नोंदणी कार्यालयात तिने सही केली, अंगठा दिला, मला "बरा आहेस ना?" म्हणून विचारले आणि घरी न येता परस्पर स्वारगेटला जाऊन गाडी धरली. त्यानंतरच्या तीन भाऊबीजा कोरड्या गेल्या. भांडण झाले असते तर मिटवता आले असते. इथे भांडण नव्हतेच. मला दर वेळी वाटे, फोन उचलावा. आणि दर वेळी वाटे, आता इतक्या उशिरा काय बोलायचे?

असो. संकेतस्थळाचे एक बरे असते. कोण कोण येऊन गेले याची नोंद तिथे आपोआप होते. नावे नसतात, नुसते आकडे आणि वेळ. पहिल्या काही महिन्यांतल्या येणाऱ्यांत बहुतेक मीच होतो. उरलेले शोधयंत्रांचे यांत्रिक दूत. ते साऱ्या जगाची पाने उलटत हिंडतात, त्यात माझेही उलटत. पण पावसाचे पान सुरू केल्यावर एक गंमत दिसू लागली. रोज सकाळी पावणेनऊच्या सुमारास कुणीतरी येई. फक्त पावसाचे पान उघडी आणि जाई. आकड्यांवरून माणूस कळत नाही, फार तर राज्य कळते : कर्नाटक. मी म्हटले, बंगळूरचे यंत्र असणार. यंत्रे सगळी बंगळूरलाच असतात.

आषाढात एका रात्री वीज गेली, आली, परत गेली. सकाळी संगणक उठेना. त्याच्या पोटातले नखाएवढे कार्ड, ज्यावर सारे लिहिले जाते, ते मेले होते. मुलगा म्हणाला, "सारखं लिहीत राहिलं आणि त्यातच लाइट गेली तर अशी कार्डं जातात. नक्कल ठेवली होतीत ना?" नव्हती. तेवीस दिवसांचा पाऊस गेला. त्या दिवशी मी माळ्यावर जाऊन वडिलांच्या वह्या काढल्या. कसरीने कडा खाल्ल्या होत्या, पण १९६१ च्या जुलैचा आकडा न् आकडा वाचता येत होता. शेवटच्या वहीत मागे पाने कोरी होती. त्या रात्रीपासून मी त्यांत रोजचा पाऊस पेनने लिहू लागलो. नवे कार्ड घातले, नकला तीन ठिकाणी ठेवल्या. पण वही बंद केली नाही. पान पुन्हा सुरू होईपर्यंत पाच दिवस गेले होते. नोंदीत पाहिले तर बंगळूरचे यंत्र त्या पाचही दिवशी पावणेनऊला येऊन रिकाम्या हाताने परत गेले होते.

मग गणपती आले. त्या दिवसांत बुधवार पेठेत राहणे म्हणजे ढोलाच्या आत राहणे. चौथ्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला. आवाज ओळखीचा वाटला, शब्द एकही ऐकू येईना. स्वयंपाकघरातून जिना चढून मी मागच्या गच्चीत गेलो. वर पाऊस रपरप पडत होता. एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन.

"बाळू, तुझं ते भांडं तुंबलंय," ताई म्हणाली.

मी काही बोललो नाही.

"कालपासून शून्य दाखवतोयस. इथं टीव्हीवर पुण्यात गुडघाभर पाणी दिसतंय. नरसाळ्यात पिंपळाची पानं अडकली असणार. बाबांच्या वेळेसही अडकायची. त्या कोपऱ्यातल्या भिंतीत पिंपळ उगवलाय का पुन्हा?"

उगवला होता. मी छत्री खाली ठेवली, नरसाळ्यात हात घातला आणि पाने काढली. आत तुंबलेले पाणी एकदम वाहिले आणि खालची पात्रे टकटक टकटक कलंडू लागली. त्या टकटकीत बराच वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. ती टकटक तिला फोनवर ऐकू जात असावी.

"हं," ती म्हणाली. "आणि वर 'दैनंदीन पाऊस' लिहिलंयस. 'दैनंदिन'मधला 'दि' ऱ्हस्व. किती वेळा सांगितलं असेल लहानपणी!"

संकेतस्थळाचा पत्ता तिला आमच्या मुलाने गेल्या पाडव्यालाच पाठवला होता. आत्याचा आणि भाच्याचा फोन आमच्या नकळत चालू होता. ती रोज साडेआठला चहा घेते, आणि मग आमच्या गच्चीवर किती पडला ते बघते. पाच दिवस पान बंद होते तेव्हा तिने भाच्याला विचारले होते, "बाबा बरा आहे ना तुझा?"

मी म्हटले, "ताई, तो कागद मी तसा पाठवायला नको होता."

ती म्हणाली, "नव्हताच पाठवायचा." आणि मग जरा थांबून, "आत जा आता. भिजू नको."

एवढेच बोलणे झाले. 'दैनंदिन' मी त्याच दिवशी ऱ्हस्व केला.

आता वर्ष भरत आले आहे. संकेतस्थळाच्या नावाचे भाडे पुन्हा भरायचे आहे, आणि सौ.ने रिवाजाप्रमाणे हिशेब मागितला आहे. जमेच्या बाजूला एक बोलके घड्याळ, एक घंटा, आणि रोज पावणेनऊला येणारे एक माणूस. खर्चाच्या बाजूला तेवीस दिवसांचा पाऊस आणि तीन भाऊबीजा. वाडा मार्गशीर्षात रिकामा करायचा आहे. पुढच्या पावसाळ्यात ही गच्ची नसेल. नव्या इमारतीच्या गच्चीवर माझ्या नरसाळ्याला जागा मिळेलच अशी खात्री नाही. ताईच्या घरावर मात्र ऐसपैस गच्ची आहे, आणि बेळगावचा पाऊस नावाजलेला आहे.

म्हणून नरसाळे मी पुन्हा चिंच लावून घासून ठेवले आहे. सोबत एक नवे कार्ड, दोन सुटी, आणि वडिलांची शेवटची वही. भाऊबीजेला ओवाळणीत काय घालायचे हा प्रश्न यंदा पडलेला नाही. पाऊस बेळगावात पडेल, पान पुण्यात उमटेल, आणि सकाळी पावणेनऊला ते उघडून बघायची पाळी आता माझी.

तिथे जायला-यायला खर्च किती, हा सौ.चा गेल्या वर्षीचा प्रश्न अनुत्तरित राहिला होता. काल मी स्वारगेटला जाऊन चौकशी करून आलो. आता आकडा सांगता येतो. दोन तिकिटे काढली आहेत.